यूकेतलं एक वर्षाचं मास्टर्स संपवून घरी परत येताय? मग आधी हे वाचा

जाताना काय काय केलं होतं आठवतंय ना? आयईएलटीएस, लोनसाठी बँकेत चकरा, टीबीची टेस्ट, व्हिसा, मग आईने दिलेली भाजणी, शेंगदाण्याची चटणी, दोन किलो भडंग आणि मुंबईपर्यंत सोडायला दोन गाड्या भरून माणसं. आणि येताना? डिझर्टेशन सबमिट केलं, तिकीट काढलं, बॅग भरली, झालं. घरीच तर जायचंय, त्याची कसली आलीय तयारी. मीपण अगदी असंच केलं आणि मग पुढचे तीन महिने सांगलीत बसून लीड्सच्या लोकांना ईमेल टाकत बसले, डिपॉझिट द्या, टॅक्स द्या, पत्ता बदला. म्हणून हे लिहितेय. मी सप्टेंबर २०२४ ला गेले, सप्टेंबर २०२५ ला आले, लीड्सला फूड सायन्समध्ये एमएस्सी. तुमचं शहर, कोर्स वेगळा असेल पण इंग्लंडमध्ये असाल तर बाकीची भानगड साधारण हीच.

सगळ्यात आधी एक ठरवा

कायमचं येताय की "बघू" म्हणून येताय? लोकांना काहीही सांगा पण स्वतःला खरं सांगा, कारण तिकिटाची तारीख त्यावर ठरते. ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा, म्हणजे कोर्सनंतर तिथे राहून नोकरी शोधायचा तो, मास्टर्सवाल्यांना २ वर्षांचा मिळतो (१ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिन्यांचाच), पण त्याचा अर्ज यूकेत असतानाच करावा लागतो, आणि तोही युनिव्हर्सिटीने होम ऑफिसला "हिचा कोर्स पूर्ण झाला" असं कळवल्यानंतर. आणि रिझल्ट लागतो नोव्हेंबरच्या आसपास. म्हणजे सप्टेंबरला सबमिशन करून भावनेच्या भरात घरी आलात आणि नंतर वाटलं की अर्ज करूया, तर परत विमानाने तिकडे जाणं आलं. १२ महिन्यांच्या कोर्सला स्टुडंट व्हिसा कोर्स संपल्यावर पुढे ४ महिने चालतो, तेवढ्यात दिवाळी घरी करून परत जाऊन अर्ज करता येतो, माझ्या दोन मैत्रिणींनी तसंच केलं. पण एकदा का तो व्हिसा संपला की विषय संपला.

मी नाही केला अर्ज. ती दोन वर्षं संपल्यावर नोकरीवर तिथे राहायला स्किल्ड वर्कर व्हिसा लागतो, त्याची वर्षाच्या पगाराची अट एप्रिल २०२४ मध्ये २६,२०० वरून ३८,७०० पौंड झाली आणि आम्ही तिथे असतानाच २२ जुलै २०२५ ला ४१,७०० झाली. नवख्यांना सूट धरून ३३,४००. माझ्या लाईनमध्ये फ्रेशरला तेवढं देणारे मला तरी भेटले नाहीत. मग दोन वर्षं कॅफेत कॉफ्या बनवत लोनचं व्याज वाढवायचं की सरळ घरी यायचं, हिशोब केला आणि आले. तुमचा हिशोब वेगळा निघेल, पण कागदावर करा, शेजारच्या काकूंच्या मुलाकडे बघून नको.

डिपॉझिट: भांडणाची तयारी पहिल्या दिवसापासून

घर सोडायच्या तीन आठवडे आधी टेनन्सी ॲग्रीमेंट काढून वाचा, कधी वाचलेलं नसतं. इंग्लंडमध्ये नेहमीच्या भाड्याच्या घराला डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकंच घेता येतं आणि ते सरकारमान्य स्कीममध्ये ठेवावंच लागतं. तुमचं कुठल्या स्कीममध्ये आहे त्याचा ईमेल शोधून ठेवा, त्यात एक आयडी असतो, तो खूप महत्त्वाचा. कारण एजंटशी जमलं नाही तर त्या स्कीमकडे फुकटात वाद नेता येतो आणि तो सांगलीत बसूनपण ऑनलाइन चालवता येतो. माझ्या एजंटने (नाव घेत नाही) क्लिनिंगचे १८० पौंड कापतो म्हणून सांगितलं. ओव्हन तेलकट आहे, किचनच्या ओट्यावर पिवळे डाग आहेत. ओव्हन आम्ही वर्षात चारदा वापरला असेल, तो आधीपासूनच तसा होता, पण राहायला गेले तेव्हाचे फोटोच नव्हते माझ्याकडे. माझ्या रूममेटकडे एक व्हिडिओ निघाला, पहिल्या दिवशी घरच्यांना घर दाखवायला केलेला, त्यात ओव्हन उघडून दाखवलेला! त्या व्हिडिओवर १४० परत मिळाले.

उरलेले ४० मात्र आमचेच, पिवळे डाग हळदीचे होते. सांगलीची पोरगी, हळद सांडणार नाही तर काय. तर हे ऐका: कटिंग बोर्ड, डबे, चमचे असलं उचलता येणारं काही पिवळं झालं असेल तर धुऊन उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो. लीड्सचं ऊन म्हणजे काय ते माहितीये, पण ऑगस्टमध्ये खिडकीत दोन-चार दिवस ठेवलं तरी फरक पडतो. ओटा उन्हात नेता येत नाही, तिथे ब्लीचवाला स्प्रे मारून थोडा वेळ ठेवायचा आणि पुसायचं, आधी कोपऱ्यात ट्राय करून. शेवटच्या रात्री करू म्हणालात तर होणार नाही, शेवटच्या रात्री बॅगेचं वजन करत बसलेले असाल.

घर सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, मीटरचं रीडिंग फोटोसकट, आणि किल्ली दिल्याचा ईमेल. "दिली हं किल्ली" असं तोंडी नको.

काउन्सिल टॅक्स, पगाराचा टॅक्स, बँक

काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) फुल टाइम स्टुडंटला माफ असतो हे सगळ्यांना माहितीये, पण ही माफी कोर्सच्या शेवटच्या तारखेपर्यंतच असते हे कोणी सांगत नाही. ती तारीख तुमच्या कॅसवर, म्हणजे व्हिसासाठी युनिव्हर्सिटीने दिलेल्या कागदावर, लिहिलेली असते. त्यानंतर महिना-दीड महिना त्याच घरात राहिलात तर तेवढ्या दिवसांचं बिल येऊ शकतं. त्यामुळे घर सोडल्याची तारीख काउन्सिलच्या साइटवर जाऊन कळवून टाका, पाच मिनिटांचं काम आहे.

पार्ट टाइम काम केलं असेल तर हा भाग नीट वाचा कारण इथे तुमचेच पैसे आहेत. तिकडचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, आणि वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. पण कधीकधी सुरुवातीला टॅक्सचा तात्पुरता इमर्जन्सी कोड लागतो किंवा एखाद्या महिन्यात पगार जास्त झाला की टॅक्स कापला जातो, आणि आपण वर्षाच्या मधेच देश सोडतो, म्हणजे बऱ्याचदा कापलेलं परत मिळण्यासारखं असतं. नोकरी सोडताना मालकाकडून पी४५ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कागद) घ्यायचाच, तो घेतल्याशिवाय निघू नका, आणि मग एचएमआरसीकडे (तिकडचं टॅक्स खातं) पी८५ फॉर्म भरायचा की मी देश सोडतेय. नॅशनल इन्शुरन्सचं कापलेलं मात्र परत येत नाही, ते विसरा.

आणि म्हणूनच बँक अकाउंट लगेच बंद करू नका. डिपॉझिट यायचंय, टॅक्स यायचाय, शेवटचा पगार यायचाय, हे सगळं येईपर्यंत चालू ठेवा आणि बँकेला नवीन पत्ता द्या. माझ्या एका क्लासमेटने शहाणपणा करून निघायच्या आदल्या दिवशी अकाउंट बंद केलं आणि टॅक्सच्या रिफंडचा पौंडातला चेक त्याच्या जुन्या घरी गेला, आता तो चेक साताऱ्यात कुठे वटवणार.

अकाउंट चालू म्हणजे तिकडचा नंबरपण चालू पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो. महिन्याचा प्लॅन बंद करून नंबर पे-ॲज-यू-गो सिमवर घ्या आणि ईसिम असेल तर फारच सोपं, इकडचं खरं सिम आणि तिकडचं ईसिम एकाच फोनमध्ये राहतं. किती महिन्यांत एकदा तरी वापरावं लागतं ते बघून कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, नाहीतर नंबर जातो.

दातांचं काही असेल तर तिकडे नादी लागू नका, घरी येऊन करा. वर्षभर एनएचएसचा (तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचा) डेंटिस्ट मिळाला असं सांगणारं मला एकपण माणूस भेटलं नाही. जीपीकडून (तिकडचा फॅमिली डॉक्टर) मात्र तुमच्या औषधांचा, लसींचा प्रिंट घेऊन या.

बॅग

कुकर, तवा, लाटणं, पोळपाट, रजई, हँगर हे सगळं पुढच्या बॅचला द्या. सप्टेंबरमध्ये नवीन पोरं येतातच, ग्रुपवर फोटो टाकला की दहा मिनिटांत जातं, आणि विकू नका हो असलं, पाच पौंडांसाठी. माझा कुकर मला नांदेडच्या एका दादाने दिला होता, त्याला आणखी कोणीतरी, तो कुकर आता चौथ्या माणसाकडे आहे आणि त्याची शिट्टी अजून चांगली वाजते. जाड कोट चॅरिटी शॉपला. सांगलीत तो कोट घालायचा दिवस उगवायचा नाही.

एअरलाइनला स्टुडंट फेअर आहे का विचारा, बऱ्याच ठिकाणी एक बॅग किंवा काही किलो जास्त मिळतात, पण युनिव्हर्सिटीचं कार्ड चालू तारखेचं लागतं. ते कार्ड सप्टेंबरअखेर संपत असेल तर त्याआधीचंच तिकीट बघा. पॉवर बँक केबिन बॅगेत. एक लॅपटॉप आणता येतो ड्युटीशिवाय, दुसरा दादासाठी घेतला असेल तर त्याचा हिशोब वेगळा होतो. तिकडच्या चार्जरची ती जाडजूड चौकोनी तीन पिन आपल्याकडच्या साध्या बोर्डात जात नाही, अडॅप्टर घ्या, व्होल्टेज सारखंच आहे त्यामुळे बाकी टेन्शन नाही.

काकांनी बाटली सांगितली असेल (सांगतातच) तर मँचेस्टरपासून वाहत आणू नका, मुंबईला उतरल्यावर बेल्टच्या इथेच ड्युटी फ्री आहे. दोन लिटरपर्यंत चालते. चॉकलेटं मात्र तिकडूनच, तीपण मोठी पाकिटं, स्वस्त दुकानातली, आणि घरी पोचल्या पोचल्या फ्रीजमध्ये. चहाची पाकिटं आणू नका. मी आणली. पप्पांनी एक घोट घेतला आणि म्हणाले, हे आपलंच आसामचं पाठवलेलं आपण परत विकत घेतलं काय?

उतरल्यावर पहिले पंधरा दिवस

मुंबईहून सांगली म्हणजे पुढे सात-आठ तास. महालक्ष्मी एक्सप्रेसने येईन म्हणून मी ठरवलेलं, रात्री बसायचं पहाटे सांगली, छान वाटतं ऐकायला. पन्नास किलो सामान आणि जेटलॅग घेऊन सीएसएमटीला जायचं नसतं. सरळ घरच्यांना गाडी घेऊन बोलवा नाहीतर भाड्याची करा.

पहिला आठवडा कुणाकडे जेवायला जायचं कबूल करू नका. मी घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी पोचले, म्हणजे घरात आधीच येणंजाणं, आणि आईने सगळ्यांना सांगून ठेवलेलं. तिसऱ्या दिवशी मी आत्याच्या घरी ताटावर बसल्या बसल्या झोपले. पाणी पहिले काही दिवस फिल्टरचं किंवा उकळलेलं, आणि पाणीपुरी दोन आठवड्यांनी, मन मारून. वर्षभरात पोट परकं झालेलं असतं.

कागदपत्रांचा क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी सिम, मग बँक, मग यूपीआय, मग आधार. इकडचा नंबर तुम्ही वर्षभर छोट्या रिचार्जवर जिवंत ठेवला असेल तर काहीच प्रॉब्लेम नाही. पण ९० दिवस वापर नाही आणि बॅलन्सपण नाही असं झालं असेल तर नंबर बंद होऊन दुसऱ्याला गेलेला असू शकतो आणि मग आधारचा ओटीपीपण त्या दुसऱ्यालाच जाणार. तेव्हा नवीन सिम घेऊन आधार केंद्रावर स्वतः जाऊन नंबर बदलून घ्या. जे अजून तिकडे आहेत त्यांनी हे वाचून आत्ताच रिचार्ज मारा, जा.

एज्युकेशन लोन असेल तर बँकेचा फोन यायची वाट न बघता स्वतः जा. बऱ्याच सरकारी बँकांत कोर्स संपल्यावर १ वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालूच असतं, त्यामुळे नोकरी लागायच्या आधी थोडंथोडं व्याज भरता आलं तर भरा. भरलेल्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट मिळते, फक्त जुन्या टॅक्स रिजीममध्ये. आणि फी लोनमधून न जाता घरच्या पैशातून गेली असेल तर पप्पांचा फॉर्म २६एएस (कापलेल्या टॅक्सची नोंद) उघडून बघा, टीसीएस, म्हणजे पैसे बाहेर पाठवताना बँक घेते तो टॅक्स, कापलेला असू शकतो (१ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाखांच्या वर, आधी ७ लाख होतं), तो त्यांच्या रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो. आमचा तसाच पडून होता, सीएला मी सांगेपर्यंत त्याच्या डोक्यातच नाही.

त्याच सीएला हेपण सांगा की यूकेत माझं अकाउंट आहे. एका वर्षासाठी गेलेले बरेच जण इन्कम टॅक्सच्या नियमाने भारतात रेसिडेंटच धरले जातात, आणि रेसिडेंट माणसाने रिटर्न भरताना परदेशातलं अकाउंट शेड्यूल एफएमध्ये दाखवायचं असतं, त्यात बारा पौंड का असेना.

घर

माझी खोली आता माझी नव्हती. गव्हाची दोन पोती, आईचं शिलाई मशीन आणि दादाची सायकल. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, वर्षभर रिकामी खोली होती तर ठेवलं सामान. पण मला पहिल्या रात्री रडू आलं, उगाच. तर सांगायचं असं की निघायच्या आधी फोनवर सांगा, खोली रिकामी करून ठेवा म्हणून, लाजू नका.

दुसरं म्हणजे, तिकडे वर्षभर आपण कधी झोपलो, काय खाल्लं, कुठे गेलो हे कोणी विचारलेलं नसतं आणि इथे कोपऱ्यावर जायचं तरी "कुठं निघालीस?" सुरुवातीला डोकं फिरतं. भांडून उपयोग नाही, मी दोन आठवडे भांडून बघितलं. मग एक केलं, रविवारचा स्वयंपाक मी करणार म्हणून सांगितलं आणि माझे कपडे मी धुणार, माझी भांडी मी घासणार. त्याने एवढा फरक पडला की विचारू नका, आईला पहिल्यांदा वाटलं असावं की ही खरंच एकटी राहून आलीय. "कुठं निघालीस" अजून विचारते, पण आता उत्तर ऐकून घेते.

"तिकडे ना असं असतं" हे वाक्य दिवसातून एकदाच. जास्त झालं तर दादा मोजायला लागतो. पण काही सवयी ठेवायला हरकत नाही, लीड्सला बसमधून उतरताना सगळे ड्रायव्हरला थँक्यू म्हणतात, मी सांगलीत विश्रामबागला रिक्षावाल्याला म्हणते, तो दचकतो पण हसतो. झेब्रा क्रॉसिंगवर गाड्या थांबतील ही सवय मात्र विमानतळावरच सोडा, जीव जाईल.

नातेवाइकांचा प्रश्न एकच असतो, "मग, नोकरी नाही का लागली तिकडं?" ह्याचं एका ओळीचं उत्तर आधीच पाठ करून ठेवा आणि सगळ्यांना तेच द्या. माझं होतं, "कोर्स वर्षाचाच होता, संपला." व्हिसाचे नियम, पगाराची अट समजावत बसलात तर तुम्ही सबब सांगताय असंच वाटतं समोरच्याला. आजीने मात्र वेगळंच विचारलं, "तिथं लीडला पावसात कपडे कुठं वाळवायचीस गं?" एवढा चांगला प्रश्न मला वर्षभरात कोणी विचारला नव्हता.

तिकडच्या मैत्रिणींशी फोनची वेळ ठरवून टाका, नाहीतर दोन महिन्यांत फक्त स्टोरी लाईक करण्यापुरतं राहतं. उन्हाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं मागे जातात की साडेपाच होतो, आमचा पहिलाच ठरलेला कॉल ह्यातच चुकला.

नोकरी आणि ते सर्टिफिकेट

पगाराला पौंडाने गुणायचं किंवा भागायचं बंद करा. सीव्ही इकडच्या पद्धतीने परत लिहा, सॉफ्टवेअर, लॅब, मशीन जे हाताळलं त्याची नावं वर. इंटरव्ह्यूमध्ये "परत जाणार का?" हे विचारतातच, आणि तिथे घुटमळलात की गेलं, म्हणून तर सुरुवातीला म्हटलं आधी ठरवा. मी कमी पगारात तासगावच्या बाजूला बेदाणा प्रोसेसिंगमध्ये लागले, लीड्सला ज्या गोष्टी प्रेझेंटेशनमध्ये बघितल्या त्या इथे पोत्यात बघते.

प्रायव्हेट कंपनीला एक वर्षाच्या मास्टर्सचं काही वाटत नाही. सरकारी नोकरी, पीएचडी, कॉलेजात शिकवणं असलं काही डोक्यात असेल तर इक्विव्हलन्स लागतं, म्हणजे ही डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची आहे असा दाखला. जुलै २०२२ मध्ये भारत-यूके करार झाला, त्यात यूकेचं एक वर्षाचं मास्टर्स मान्य केलंय, पण इंजिनिअरिंग, मेडिकल, कायदा, फार्मसी, आर्किटेक्चर असले प्रोफेशनल कोर्स त्यात नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने इक्विव्हलन्सचे नवीन नियम काढलेत, ते आधी वाचा, मग अर्ज करा, एजंटला पैसे देऊ नका. ट्रान्स्क्रिप्टची डिजिटल कॉपी युनिव्हर्सिटीचा ईमेल बंद व्हायच्या आत उतरवून घ्या आणि सगळीकडे पर्सनल ईमेल टाका.

डिग्रीचा समारंभ डिसेंबरमध्ये होता, मी गेले नाही, तिकिटाचा खर्च बघितला आणि सर्टिफिकेट घरी मागवलं. मागवताना पत्त्यात फक्त घर नंबर आणि पिन कोड टाकू नका, जवळची खूण टाका आणि इकडचा चालू मोबाईल नंबर टाका, कारण माझ्या फॉर्मवर तिकडचाच नंबर राहिला होता. कुरिअरवाला दोन दिवस गल्लीत फिरून शेवटी पिठाच्या गिरणीत विचारत गेला, "इंग्लंडचं पार्सल हाय, कुणाची पोरगी गेलती?" गिरणीवाल्या मामांनी सही करून घेतलं आणि संध्याकाळी दळणाच्या डब्यावर ठेवून घरी पाठवून दिलं. पाकिटावर थोडं पीठ लागलंय, बाकी सर्टिफिकेट व्यवस्थित आहे.